व्हिला भाड्याने देताय? कॅमेरा गेटवर, ओटीवर की कुठेच नको

अलिबाग, नागाव, लोणावळ्याकडे वीकेंडला घर भाड्याने देणाऱ्या मालकाला तीन गोष्टींची धास्ती असते: दहा जणांचं बुकिंग करून अठरा उतरणं, रात्री दीडला वाजणारा स्पीकर आणि सोमवारी सकाळी दिसणारी मोडतोड. दुकानात गेलं की तिन्हींवर एकच उपाय पुढे येतो, चार कॅमेऱ्यांचा सेट. तो घेण्याआधी कुठल्या धास्तीला खरं काय लागू पडतं, ते सुटंसुटं पाहू.

घराच्या आतला कॅमेरा लगेच बाद करा. घरं भाड्याने द्यायच्या एअरबीएनबी या ऑनलाइन कंपनीने मार्च २०२४ मध्ये जाहीर करून ३० एप्रिल २०२४ पासून जगभर त्यावर बंदी घातली. त्याआधी हॉलमध्ये किंवा पॅसेजमध्ये उघड दिसणारा, आधी कळवलेला कॅमेरा चालायचा. आता बंद करून ठेवलेलाही चालत नाही. व्हर्बो या तशाच दुसऱ्या साइटवरही आत परवानगी नाही. फोनवर थेट बुकिंग घेणारे म्हणतात, आम्हाला कुठे कंपनीचा नियम? पण आपल्याकडे हॉलमध्ये गाद्या टाकून सहा-सात जण झोपतात, कपडेही तिथेच बदलतात. अशा वेळी चित्रण झालं तर आयटी कायद्याचं कलम ६६ई आहे (तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही). बाईचं चित्रण असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागू शकतं, आणि त्यात पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्ष कैद आहे. चोरीला जाऊन जाऊन टीव्ही जाईल. त्याच्यासाठी एवढं ओढवून घ्यायचं?

खरा घोळ बाहेरच्या कॅमेऱ्यांत आहे. बाहेरचा कॅमेरा चालतो, फक्त तो आहे आणि कुठे आहे हे बुकिंगआधी सांगा, असा एअरबीएनबीचा नियम. म्हणजे रेघ दारावर ओढलेली. कोकणातल्या घरात मात्र माणसं दाराबाहेरच राहतात. ओटीवर पत्ते, झोपाळ्यावर गप्पा, मागच्या पडवीत ओले कपडे. म्हणून ‘बाहेर’चेही तुकडे पाडावे लागतात.

गेटचा कॅमेरा मला पटतो. किती गाड्या आल्या, किती माणसं उतरली, या एकाच प्रश्नाचं उत्तर तो चोख देतो आणि गेटवर कुणी पाय पसरून बसत नाही. कॅमेरा घराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून लावायला सांगा. इन्स्टॉल करणारा मुलगा हमखास ‘सर, पूर्ण कंपाउंड कव्हर करतो’ म्हणतो, त्याला थांबवा. अंगणाचा कोपरा तरीही फ्रेममध्ये येत असेल, तर बहुतेक डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात) तेवढा भाग काळा करायची सोय असते, ती वापरा. माइक असेल तर बंद. साधारण २ एमबीपीएसवर चालणारा कॅमेरा दिवसाला २१-२२ जीबी खातो, म्हणजे दोन कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क तीन आठवडे पुरते. तेवढं बास. बाकी त्रास वेगळे: लाइट गेली की इन्व्हर्टर नसेल तर डीव्हीआर झोपला, आणि रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी. काच पुसली नाही तर पावसाळ्यानंतर फुटेजमध्ये फक्त जाळं दिसतं.

व्हिडिओ डोअरबेल फ्लॅटच्या दाराला ठीक आहे. ओटी असलेल्या घराला नको. ती बहुतेक वेळा आवाजही टिपते, आणि दारापासून चार हातांवर पाहुणे चहा पीत बसलेले असतात.

स्विमिंग पुलावरचा कॅमेरा सांगून लावला तर एअरबीएनबीच्या नियमात बसतो, तरी मी लावणार नाही. ‘मुलांच्या सुरक्षेसाठी’ हे कारण ऐकायला बरं वाटतं. पण मूल बुडताना आवाज होत नाही, वेळही मिनिटांचाच असतो, आणि त्या क्षणी पुण्यात बसलेला मालक मोबाइलवर पुलाकडे बघत असेल, याची खात्री कोण देणार? त्यापेक्षा पुलाभोवती कुंपण आणि आपोआप मिटणारं, वरच्या बाजूला कडी असलेलं फाटक करा. पोहण्याच्या कपड्यांतल्या पाहुण्यांचं फुटेज तुमच्याकडे नसणं हीच तुमचीही सोय आहे.

स्पीकरसाठी आवाजाचा मीटर हा कमी माहितीतला पर्याय. तो फक्त डेसिबल मोजतो, बोलणं रेकॉर्ड करत नाही. एअरबीएनबीच्या नियमात तो आधी कळवून हॉलमध्ये लावता येतो, बेडरूममध्ये नाही. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती परिसरातल्या आवाजाची. हॉलमधला इशारा त्याहून बराच वर ठेवावा लागतो. पत्र्यावर कोसळणारा पाऊसही त्याला पार्टीच वाटतो, आणि लॉनवरचा स्पीकर आतल्या मीटरला अर्धाच ऐकू येतो. शेजारी भिंतीला भिंत लागून असतील तर घ्या; आजूबाजूला नुसती वाडी असेल तर पैसे वाचवा.

मोडतोडीला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला डिपॉझिट, चावी देताना काढलेले खोल्यांचे फोटो आणि केअरटेकर लागतो. रात्री दीडला ‘दादा, आवाज कमी करा’ म्हणायलाही तोच जाणार. केअरटेकर आवारातच राहत असेल, तर गेटचा एक कॅमेरा पुरे, किंवा तोही नको. कुणीच राहत नसेल, तर गेट आणि पार्किंग असे दोन.

केअरटेकरच्या मोबाइलवर लाइव्ह फीड मात्र देऊ नका. फुटेज बाहेर जायची सगळ्यात सोपी वाट तीच. सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये जुनं लॉगिन तसंच राहतं, आणि डीव्हीआरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बऱ्याच जणांनी बदललेलाच नसतो. माणूस बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदला.

लिस्टिंगमध्ये, आणि फोनवरचं बुकिंग असेल तर अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर, एवढं लिहा: ‘मुख्य गेटवर एक आणि पार्किंगमध्ये एक कॅमेरा आहे. दोन्ही २४ तास चालू असतात, आवाज रेकॉर्ड होत नाही. घरात, ओटीवर आणि पुलाजवळ कॅमेरा नाही. फुटेज फक्त मालक पाहतात, तीन आठवड्यांनी ते आपोआप पुसलं जातं.’