हेडफोनमधली खरखर: यूएसबी साउंड कार्ड घ्यावं की ग्राउंड लूप आयसोलेटर?

इंदूरला जेल रोडवर खरखरीचा उपाय विचारायला जाणार असाल, तर आधी घरी हेडफोन कॅबिनेटच्या मागच्या जॅकला लावून पाहा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. तेवढ्याने खरखर गेली तर काही घ्यायलाच नको. कुठल्याही जॅकमध्ये पिन हलवल्यावर कडकड होत असेल तर बहुधा हेडफोनची वायर तुटलीय. मग दोन्ही वस्तू निरुपयोगी.

माउस हलवला, पान सरकवलं की किर्र आवाज बदलतो? मग डोळे झाकून यूएसबी कार्ड घ्या. पुढच्या जॅकची बारीक वायर ग्राफिक्स कार्डाजवळून, पंख्यांजवळून मदरबोर्डपर्यंत जाते आणि वाटेतला सगळा विद्युत गोंगाट उचलते. यूएसबी कार्डात डिजिटल सिग्नलपासून आवाज कॅबिनेटबाहेर तयार होतो, त्यामुळे ती वाटच टळते. कार्ड मागच्या पोर्टला लावा; पुढच्या पोर्टवर कधीकधी थोडी किर्र उरते.

आयसोलेटरमध्ये दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, अर्थिंगची सलग वायर तुटते. पण नुसत्या हेडफोनला दुसरं अर्थिंग नसतंच, मग दोन अर्थिंग जोडली जाऊन बनणारं वर्तुळ, म्हणजे ग्राउंड लूप, बनणार कुठून? उलट ३२ ओहमच्या हेडफोनवर बेस पातळ होतो. हेडफोनसाठी तो कोणी गळ्यात मारत असेल, तर मी तरी घेऊ देणार नाही.

त्याची खरी जागा गणेशोत्सवात, मंडळाच्या मांडवात. लॅपटॉप एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर, आणि आरतीआधी ५० हर्ट्झची घुंईऽऽ सुरू. तिथे आयसोलेटर मधे लावला की घुंई थांबते.