हवेतली बुरशी तपासणारं किट: काही महिने वापरून झाल्यावर

किटमधली ताटली हवेत उघडी ठेवायची, आणि तिच्यात बुरशी उगवली म्हणजे घरात बुरशी आहे, असं किटच्या माहितीपत्रकात ठळक छापलंय. हे साफ चुकीचं आहे. बुरशीचे बीजाणू, म्हणजे ती ज्यांपासून उगवते ते सूक्ष्म कण, हवेत कायम असतात, खिडकीतून आत येतात. ताटली उघडी ठेवली की ठिपके येणारच. बेडरूममधल्या ताटलीत हिरवट-काळे ठिपके आले, आणि गॅलरीतल्या ताटलीत त्याहून दाट आले. पण तुलनेसाठी लागणारी ती बाहेरची ताटली किटमध्ये मिळतच नाही! त्यासाठी मला दुसरं अख्खं किट घ्यावं लागलं. कस्टमर केअरचं उत्तर, 'बाहेरच्या हवेची गरज नसते.' मग आतला आकडा कमी की जास्त, हे ठरवायचं कशावरून? शिवाय मेलेले बीजाणू ताटलीत उगवत नाहीत, पण अ‍ॅलर्जी त्यांचीही होते.

वैतागून लॅबवाल्यांना बोलावलं. त्यांनी पंपाने मिनिटाला 15 लिटर अशी पाच मिनिटं हवा ओढली, आत आणि बाहेरही. रिपोर्टमध्ये आकडे घनमीटरमागे, म्हणजे हजार लिटरमागे देतात. नमुना 75 लिटरचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला एक बीजाणू रिपोर्टमध्ये 13 होतो. 13 आणि 40 यांत फरक फक्त दोन बीजाणूंचा! अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या दोन बुरशींचे बीजाणू सारखेच दिसतात, म्हणून दोन्ही एकाच रकान्यात. आणि जिची सगळ्यांना धास्ती, त्या काळ्या स्टॅकिबॉट्रिस बुरशीचे बीजाणू चिकट असतात, ओल असेपर्यंत सहसा उडत नाहीत. रिपोर्टमध्ये ती नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

इथवर मी हवेची तपासणी म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात, असंच लिहिणार होते. पण त्याच रिपोर्टात बेडरूमचा अ‍ॅस्परजिलस-पेनिसिलियमचा आकडा बाहेरच्या कितीतरी पट होता. एवढ्या तफावतीला दोन-चार बीजाणूंचा हिशोब लागू होत नाही. भिंतीला लागून असलेलं कपाट ओढलं, तर मागे पोपडे आणि कुबट वास. आतला पाइप झिरपत होता. बुरशी दिसत नाही पण वास येतो, अशा वेळी ही तपासणी कामाची आहे. दुरुस्तीनंतर पुन्हा करून घेतली, तेही पटलं.

भिंतीवर बुरशी डोळ्यांना दिसतेय? मग बहुतेक वेळा तपासणी लागत नाही, असं अमेरिकेची पर्यावरण संस्थाही सांगते. हवेत किती बीजाणू चालतील याची त्यांच्याकडे ठरलेली मर्यादाच नाही. ते पैसे गळती काढायला वापरा, भिजलेलं 24 ते 48 तासांत वाळवा, आणि एक साधा आर्द्रतामापक घ्या. माझा आता कपाटाजवळच असतो. काटा 60 टक्क्यांवर गेला की मी खिडक्या नाहीतर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) बघते. किटला एक तारा. लॅबला तीन, तेही बाहेरचा नमुना घेतला म्हणून.