बिऱ्हाडासोबत ट्रॅक्टर न्यायचा: चालवत, स्वतःच्या ट्रेलरवर, भाड्याच्या गाडीवर की विकून दुसरा?

ट्रॅक्टर कसा न्यायचा हे बहुतेक जण अंतर बघून ठरवतात. अंतराने भाडं वाढतं, एवढंच. खरा निर्णय दोन गोष्टींवर अवलंबून असतो: ट्रॅक्टरचं प्रत्यक्ष वजन आणि दोन्ही ठिकाणी चढवायला-उतरवायला असलेली जागा.

आधी वजन. माहितीपत्रकातला आकडा नुसत्या ट्रॅक्टरचा असतो. 40 एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. पुढे लोडर (माती-खत उचलायची बकेट आणि तिचे हात) असेल तर आणखी 400-500 किलो. मागच्या 13.6-28 मापाच्या टायरांत पकडीसाठी पाणी भरलेलं असेल तर प्रत्येकी सुमारे 200 किलो. चाकांची लोखंडी वजनं धरली की आकडा तीन टनांच्या घरात जातो. अंदाज बांधू नका, वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. टायरमधलं पाणी काढणं हा वजन घटवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

चालवत नेणं. 40-50 किलोमीटरपर्यंत ठीक. ताशी 30 च्या वेगाने 600 किलोमीटर म्हणजे नुसतं चालवण्याचे 20 तास. शेतीच्या टायरांच्या नक्ष्या डांबरावर तापून भराभर झिजतात, आणि मागून वेगात येणाऱ्या वाहनांचा धोका वेगळाच.

घरसामानाच्या बंद ट्रकमध्ये घालणं. हा पर्याय सोडून द्या. एकेका मागच्या चाकाखाली सहा-सातशे किलोचा भार पडतो, तो लाकडी तळाला झेपेलच असं नाही. शिवाय डिझेलचा वास गाद्यांत शिरतो तो जात नाही. अवजारं मात्र धुऊन, तेल निथळवून सामानाच्या गाडीत जाऊ शकतात.

स्वतःचा ट्रेलर. ट्रेलर आणि तो ओढण्याच्या क्षमतेची गाडी आधीच असेल तर यात पैसे वाचतात. पण 3,500 किलोच्या ट्रेलरमध्ये त्याचं स्वतःचं 800-900 किलो वजनही धरलेलं असतं, म्हणजे ट्रॅक्टरसाठी 2,600 च्या आसपास उरतात. वरचा तीन टनांचा ट्रॅक्टर त्यात बसत नाही. लोडर काढला, पाणी सोडलं, तर बसतो.

चढवताना अपघात होतात ते उतार उभा असल्यामुळे. 75 सेंमी उंचीला दोन मीटरची फळी लावली तर चढ 22 अंशांचा होतो. तीन मीटरची लावली तर साडेचौदा. मागचा भाग जड असल्याने उभ्या चढावर पुढून चढवताना तोंड उचललं जातं, म्हणून टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवा. दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने एकत्र जोडा. एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर फळीवरून बाजूला वळतो. ट्रेलर गाडीला जोडलेलाच हवा आणि शेपटीखाली टेकू हवा, नाहीतर वजन पडताच पुढचं टोक उचललं जातं. भार ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवा. शेपूट जड झाली की वेगात ट्रेलर डोलू लागतो.

बांधायला चार साखळ्या: दोन पुढे ओढणाऱ्या, दोन मागे. टाय रॉड (पुढची चाकं वळवणारा दांडा), पीटीओ शाफ्ट (अवजाराला इंजिनाची ताकद देणारा फिरता दांडा) किंवा हायड्रॉलिक पाइपांना कधीच अडकवू नका. पुढच्या अ‍ॅक्सलचा बीम, मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग आणि ड्रॉबारची (मागे ट्रॉली जोडायच्या दांड्याची) चौकट वापरा. लोडरची बकेट खाली टेकवून वेगळी बांधा. टायर दबतात तशा साखळ्या सैल पडतात, म्हणून पहिल्या 20 किलोमीटरवर थांबून ताण बघा, नंतर दर दीडशे-दोनशेवर. टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) असलेलं इंजिन असेल तर उभ्या सायलेन्सरचं तोंड घट्ट झाका. त्यातून वारा शिरला तर बंद इंजिनाचा टर्बो तेलाशिवाय फिरतो आणि बेअरिंग जातं.

भाड्याची लोबेड (जमिनीलगत तळ असलेली लांब गाडी) किंवा सपाट गाडी. लांबच्या पल्ल्याला आमची पहिली शिफारस हीच. परतीची रिकामी गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं, फक्त तारखेत चार-पाच दिवसांची सवड द्यावी लागते. दर विचारताना वजन, लांबी, रुंदी, रोलबार (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी कमान) दुमडून आणि उभा ठेवून अशी दोन्ही उंची, आणि ट्रॅक्टर स्वतः चालू होतो का, हे सांगा. बॅटरी उतरलेला ट्रॅक्टर विंचने ओढावा लागतो, त्याचा खर्च वेगळा.

घोळ बहुधा उतरवताना होतो. लोबेड अरुंद रस्त्यावर वळत नाही. नव्या घरापर्यंत येईल का, नाहीतर जवळ मोकळी जागा कुठे, उंच गाडी असेल तर फळ्या कोण आणणार, हे लेखी ठरवा. वाहतूकदाराची भरपाईची मर्यादा किती ते वाचा, कमी असेल तर प्रवासाचा वेगळा विमा घ्या. चारही बाजूंचे, तासमीटरचे आणि चेसिस नंबरचे फोटो ट्रॅक्टर गाडीवर चढण्याआधी काढा. माती व तणाचं बी धुऊन काढा. काही सीमांवर मातीसकट यंत्र अडवतात.

विकून दुसरा घेणं. वाहतूक, विमा आणि चढ-उतार मिळून खर्च ट्रॅक्टरच्या चालू किमतीच्या चौथाईवर जात असेल, तर विकणं गंभीरपणे तपासा. पण तुमचा ट्रॅक्टर तुमच्या अवजारांना जुळलेला असतो. थ्री पॉइंटची (मागे अवजार जोडायच्या तीन-बिंदू जोडणीची) मापाची कॅटेगरी 1 आहे की 2, पीटीओचा वेग आणि लिफ्टची उचल नव्याशी जुळली नाही, तर रोटाव्हेटर नि नांगरही बदलावे लागतील. तो खर्च हिशेबात धरूनच ग्राहकाला किंमत सांगा, आणि जमलं तर अवजारं ट्रॅक्टरसोबतच विका.