शिकागोचे मराठी कोश: 'कापणे' या शब्दावर घेतलेली पारख

शिकागो विद्यापीठाने महाजालावर विनामूल्य ठेवलेल्या दक्षिण आशियाई कोशांमधील मराठी विभाग मी जळगावात बसून बराच वापरला आहे. कोशाची पारख अवघड शब्दापेक्षा रोजच्या शब्दावर चांगली होते, असे माझे मत असल्याने मी 'कापणे' घेतला. थंडीने अंग कापते आणि आमच्या बागांत केळीचे घडही कापतात. तेव्हा ही क्रियापदे एकच की निराळी, असा प्रश्न शाळकरी मुलेसुद्धा विचारतात.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत त्याचे उत्तर शब्दाच्या लेखनातच आहे. थरथरण्याचे 'कांपणें' अनुस्वारासह आणि चिरण्याचे 'कापणें' त्याविना. पहिल्याचे मूळ संस्कृत 'कम्प्' हा धातू असून त्यातल्या अनुनासिकाची खूण त्या टिंबात उरली होती. दुसरे मात्र 'नीट करणे, छाटणे' या अर्थाच्या 'कल्पयति'पासून प्राकृतातून आले. 1962 च्या लेखननियमांनी उच्चारात न राहिलेले असे अनुस्वार वगळले, तेव्हा लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली, पण दोन कुळांतले शब्द एकाच वेषात आले. म्हणून मोल्सवर्थमध्ये आजच्या लेखनाने शब्द सापडला नाही, तर अनुस्वार देऊन पुन्हा पाहावे. 'भूकंप', 'कंपन', 'कंपवात' यांना ही अडचण नाही, कारण त्यांतील अनुस्वार आपण अजून उच्चारतो.

'थरथर'ला असा धातू शोधत बसण्याचे कारण नाही. तो अनुकरणवाचक शब्द असून हिंदी-गुजरातीतही आहे, आणि गुजरातच्या शेजारी राहणाऱ्या खानदेशी माणसाला त्याचे नवल वाटणार नाही. परंतु भीतीने लटलट किंवा चळचळ कापणे आणि तापाची हुडहुडी भरणे यांतील छटा इंग्रजी प्रतिशब्दांत बऱ्याचशा सपाट होतात. अशा वेळी मोल्सवर्थ सोडून, मराठीतच अर्थ देणाऱ्या दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'कडे वळावे. 1932 ते 1938 या काळात निघालेले त्याचे सात खंड आणि 1950 ची पुरवणी घरात ठेवणे कितीजणांना जमेल? तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही याच ठिकाणी असल्याने, शब्द यादवकाळापर्यंत मागे नेऊन पाहता येतो. माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल कोशांच्या या शेजारात आहे.

खानदेशापुरते बोलायचे, तर 'हीव' पाहताना विशेष समाधान मिळते. 'हिम'पासून निघालेला हा शब्द प्रमाण मराठीत स्वतंत्रपणे क्वचितच दिसतो आणि 'हिवाळा' व 'हिवताप' यांच्या पोटात राहिला आहे. अहिराणी ही खानदेशची बोली बोलणाऱ्या घरांत मात्र 'हिव' अजून रोजच्या तोंडचे आहे. मात्र हे सारे कोश मराठीचे असल्याने अहिराणीच्या 'लागस', 'करस' यांसारख्या क्रियारूपांचा उलगडा येथे होईल, ही अपेक्षा ठेवू नये. इंग्रजी बेताचे असलेल्या वाचकाने दाते-कर्वे यांच्यापासूनच सुरुवात करावी. कारण येथील मोल्सवर्थ, वझे आणि बर्नसन यांचे कोश मराठी-इंग्रजी आहेत.