शाळेचा ट्रॉली स्पीकर: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात आमच्या शाळेत ट्रॉली स्पीकर आला आणि आता हे लिहितेय तेव्हा होळी होऊन गेलीय. म्हणजे अख्खा हिवाळा त्याने आमच्याबरोबर काढला. "मॅडम, घ्यावा का?" असं विचारणारे शिक्षक बरेच झाले. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आमची जिल्हा परिषदेची शाळा निफाड तालुक्यात, पहिली ते सातवी, पट १३८. चहूबाजूंनी द्राक्षबागा. आधी आमच्याकडे जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णा होता. ऑफिसातून वायर ओढायची, ती कुणीतरी पायाखाली घ्यायची, मग अर्धा तास "हॅलो, हॅलो". शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय निघाला, लोकवर्गणी झाली, ९,८०० रुपयांत हा डबा आला. १२ इंची वूफर (जाड आवाज काढणारा मोठा गोल पडदा), दोन कॉर्डलेस माईक, ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, रिमोट, खाली चाकं आणि ओढायला बॅगेसारखा दांडा. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची (हे बॅटरीच्या साठवणीचं माप) लेड अ‍ॅसिड बॅटरी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १०,००० वॅट लिहिलंय. सातवीला मी त्याचं गणित घातलं. १२ गुणिले ७ म्हणजे बॅटरीत ८४ वॅट-अवर, म्हणजे ८४ वॅट तासभर. खरंच १०,००० वॅट ओढले तर बॅटरी किती वेळ टिकेल? उत्तर येतं साधारण ३० सेकंद. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मग राष्ट्रगीत पण पुरं होणार नाही." ते ५२ सेकंदांचं असतं हे त्याला पाठ. तर खोक्यावरचे वॅट बघून घेऊ नका. वूफर किती इंची आणि बॅटरी किती अँपिअर-अवरची, एवढंच विचारा.

पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि डब्यातून एक बाई इंग्रजीत एवढ्या जोरात ओरडली की पहिलीतली दोन मुलं रडली. हा आवाज बंद करायची सोय नाही. पाच महिन्यांत मुलांना तो इतका तोंडपाठ झालाय की कुणी उशिरा वर्गात आलं की मागच्या बाकावरून "ब्लूटूथ डिव्हाइस इज कनेक्टेड" असं ऐकू येतं. त्यातली अक्कल एका आठवड्यात आली: परिपाठाला ब्लूटूथ वापरायचं नाही. राष्ट्रगीत ऐन मध्यावर असताना सरांच्या मोबाईलवर फोन आला आणि सावधान उभ्या असलेल्या सगळ्या शाळेने त्यांची रिंगटोन ऐकली. तेव्हापासून राष्ट्रगीत, राज्यगीत, कवायतीचे ताल, सगळं पेन ड्राइव्हवर. क्रमांक टाकून ठेवलेत, रिमोटवर १ दाबलं की राष्ट्रगीत.

आता आवाजाबद्दल, कारण खरी गंमत तिथे झाली. मैदानावर १३८ मुलांना परिपाठ ऐकू जावा एवढीच आमची अपेक्षा होती. डिसेंबर लागला आणि कालव्यापलीकडून निरोप यायला लागले. थंडीत सकाळी जमीन गार, तिच्या लगतची हवा गार आणि वरची त्यामानाने ऊबदार असते. त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोचतो. उन्हं वर आली की हा प्रकार संपतो. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा धुक्यात आमचा परिपाठ कुठवर जात होता हे आम्हाला कळलं ते एका चुकीमुळे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंचं दिनविशेष वाचताना चौथीतल्या मुलीने जन्मसाल १८१३ सांगितलं. परिपाठ संपायच्या आत मुख्याध्यापकांना फोन. कालव्याजवळ राहणारे एक निवृत्त गुरुजी: "१८३१ म्हणा, १८१३ नव्हे. आणि नायगाव सांगायचं राहिलं." दुसऱ्या दिवसापासून दिनविशेषाचा कागद मी आदल्या दिवशी तपासायला लागले. पूर्वी भिंतींच्या आत राहणाऱ्या चुका आता गावभर जायला लागल्या.

परिपाठात आम्ही एक भर घातली, तापमान. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला निफाडचा पारा पेपरात रोज येतो, तो सहावीचा एक मुलगा वाचतो. इथे हा आकडा गमतीचा नाही. पारा फार उतरला की द्राक्षाच्या मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात. बापलोक पहाटे चारला उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. त्यातली बरीच पोरंही बापाबरोबर उठलेली असतात. स्वेटरला धुराचा वास घेऊन ती रांगेत उभी राहतात. त्या मुलाने "आज निफाडचं किमान तापमान सहा अंश" म्हटलं की रांगेतून कुणीतरी हमखास म्हणतं, "आमच्याकडं चार होतं." मग वाद. शेवटी सरांनी भिंतीवरचा एक तापमापक आणून मैदानातल्या लिंबाला टांगला. आता दोन आकडे वाचले जातात, कुंदेवाडीचा आणि लिंबाचा.

माईक ही या डब्याची सगळ्यात कच्ची बाजू. दोन्ही कॉर्डलेस माईक दोन-दोन पेन्सिल सेलवर चालतात आणि सेल संपत आला की आवाज आधी घोगरा होतो, मग अधूनमधून गायब. रोजचा परिपाठ धरला तर तीन आठवडे. चार्जिंगचे सेल घ्या, पैसे वाचतात. दुसरं म्हणजे हिवाळ्यात सगळ्यांना सर्दी. एकच माईक तोंडाजवळ धरून दहा मुलं बोलतात, जाळीवर वाफ धरते आणि आठवड्याभरात त्याला जो वास येतो तो सांगण्यासारखा नाही. स्पंजच्या टोप्या वेगळ्या मिळतात, स्वस्त असतात. आम्ही सहा आणल्या. शनिवारी साबणाच्या पाण्यात धुऊन ऑफिसच्या खिडकीच्या गजांवर वाळत घालतो. पाहुणे आले की विचारतात हे काय आहे.

संक्रांतीला माता पालक मेळावा आणि हळदीकुंकू एकत्र ठेवलं. सगळ्या आयांना बोलावलं, कुणाला वगळलं नाही. प्रास्ताविक माझं होतं, पाच मिनिटांचं. त्यानंतर माईक आयांकडे गेला तो परत मिळायला सव्वा तास लागला. पालक सभेत तोंडाला पदर लावून मागे बसणारी एक बाई उठली आणि म्हणाली:

"द्राक्षाच्या घडाला घातली कागदाची टोपी,
अमुकरावांचं नाव माईकवर घेणं, गोष्ट नाही सोपी."

अमुकरावांच्या जागी खरं नाव होतं आणि ते बागेत कामाला असलेल्या त्या गृहस्थांना ऐकू गेलं म्हणे. त्या दिवशी माझ्या भाषणातला उपस्थितीचा मुद्दा राहूनच गेला. पण त्यानंतर शाळेत येऊन माझ्याशी बोलणाऱ्या आया वाढल्या हे खरं.

बाल आनंद मेळाव्यात मात्र हा डबा त्रासदायक ठरला. मुलांनी स्टॉल लावले होते: भेळ, पोहे, मेथीच्या जुड्या, बोरं, सोलाणे, तिळाच्या वड्या. नफा-तोटा शिकायला म्हणून करतो आपण. जाहिरातीला माईक दिला आणि भेळवाल्या पोरांनी तो सोडेचना. पोहेवाल्यांचं सगळं राहिलं, मेथीवाली रडायला आली. शेवटी दर स्टॉलला एक मिनिट, घड्याळ लावून. हे आधीच ठरवायला हवं होतं, चूक आमची. स्पीकरला बोल लावण्यात अर्थ नाही.

नांदूर मध्यमेश्वरला क्षेत्रभेट होती तेव्हा मुलांचा हट्ट, स्पीकर गाडीत टाका. मी नाही म्हटलं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, थंडीत चक्रवाक, थापट्या अशी बदकं लांबून येतात आणि आम्ही तिथे १२ इंची वूफर घेऊन जायचं! मुलं दिवसभर कुजबुजत फिरली. दुसऱ्या दिवशी पाहिलेल्या पक्ष्यांची यादी परिपाठात माईकवर वाचली, तिचा क्रम लावण्यावरून दोन गट पडले, ते असो.

स्नेहसंमेलनाला हाच वापरून भाड्याचे पैसे वाचवू असं आम्हाला वाटलं होतं. वाचवू नका. उघड्या मैदानात पाच-सहाशे माणसं, पहिल्या रांगेत लहान पोरं गोंधळ घालणारी. आवाज पाऊण वाढवला की वूफर फाटतो, नाचाच्या गाण्यातला ढोल फक्त फडफड वाटतो. त्यात आठ वाजता दव पडायला लागलं. वरचं बटणांचं पॅनल उघडंच आहे, सकाळी बघितलं तर व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखर. दोन दिवस उन्हात ठेवल्यावर बरी कमी झाली, पूर्ण गेली नाही. आता रात्रीच्या कार्यक्रमाला वर प्लास्टिकची पिशवी कापून लावतो.

आणि इको. ही खुंटी कोणी कशासाठी दिली असेल देव जाणे. २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर सहावीतला एक मुलगा भाषणाला उभा राहिला. त्याआधी कुणीतरी खुंटी शेवटपर्यंत फिरवून ठेवलेली. "अध्यक्ष महाशय... हाशय... शय... पूज्य गुरुजनवर्ग... वर्ग... अर्ग..." तो बिचारा स्वतःचाच आवाज संपायची वाट बघत प्रत्येक शब्दानंतर थांबत होता. सरपंचांना हसू आवरेना. भाषण दोन मिनिटांचं होतं, सहा मिनिटं चाललं, आणि पठ्ठ्याने एक ओळ गाळली नाही.

बॅटरीबद्दल तक्रार आहे, पण निम्मी स्वतःबद्दल. नोव्हेंबरमध्ये एका चार्जिंगवर चार तास चालायचा. जानेवारीअखेर दोन तासांत लाल दिवा. गारठ्यात लेड अ‍ॅसिड बॅटरी थोडी मंदावते, पण एवढी नाही. नाताळच्या सुमारास आम्ही तो रिकामा करून तसाच आठवडाभर कपाटात ठेवला होता, आणि अशी बॅटरी उपाशी ठेवली की ती कायमची खराब होते. कस्टमर केअरला फोन केला तर कळलं, वॉरंटीत बॅटरी नाही आणि माईकही नाही. मग उरलं काय, चाकं? शेवटी गावातल्या इलेक्ट्रिशियनने चार स्क्रू काढून ९५० रुपयांत नवीन टाकली. वीस मिनिटांचं काम. तेव्हा वॉरंटी बघून जास्त पैसे देऊ नका. वापरून झाला की भरला असो नसो, चार्जिंगला लावा. सुट्टीत पंधरा दिवसांनी एकदा कुणाला तरी शाळेत पाठवा.

एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवा: शाळेभोवतीचं १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून शासनाने जाहीर केलं असेल, तर तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. म्हणजे मधल्या सुट्टीत आमची मुलं माईकशिवायच नियम मोडतात. तरीही आम्ही सकाळी एक खूण ठरवली, व्हॉल्यूम त्याच्या पुढे न्यायचा नाही.

ती खूण कुणी केली ते सांगते. डिसेंबरात सुरगाण्याकडची कुटुंबं बागांमध्ये कामाला येतात, विरळणीला म्हणजे घडातले जादा मणी काढायला, घडांना कागद लावायला. त्यांच्याबरोबर आलेली दहा-बारा मुलं आमच्या पटावर येतात. पाचवीत एक मुलगी आली, वर्गात चकार शब्द नाही. मला वाटलं, माईक दिला की बोलेल. तीनदा दिला, तिन्ही वेळा तिने शेजारणीच्या हातात सरकवला. पण ती रोज डब्याजवळ उभी राहायची. एका सकाळी माईक किंचाळायला लागला, आम्ही दोन शिक्षक वेगवेगळ्या खुंट्या पिळतोय, आणि ही पुढे आली, माईकवाल्या मुलाला दंडाला धरून स्पीकरच्या मागे नेऊन उभं केलं. शिट्टी बंद. तेव्हापासून डबा तिच्याकडे. कुठल्या माईकचे सेल कधी बदलले ते ती वहीच्या मागच्या पानावर लिहायची. इकोची खुंटी शून्यावर असताना आणि व्हॉल्यूम बरोबर असताना कुठे येते, तिथे तिने आईच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले. भाषण मात्र तिने जाईपर्यंत एकदाही केलं नाही.

होळीला ती मंडळी गावाकडे गेली. स्थलांतरात मुलांची शाळा तुटू नये म्हणून असतं ते शिक्षण हमी पत्रक दिलंय, तिकडच्या शाळेत दाखवायचं. जाताना तिने तिसरीतल्या एका मुलाला सगळं शिकवलं. तो बराच उंचीला कमी आहे, त्याला वरचं पॅनल दिसत नाही, म्हणून स्टूल ठेवलंय.

तर घ्यावा का? परिपाठ, कवायत, छोटे मेळावे यांसाठी जरूर घ्या. पाचपैकी साडेतीन. माईकचे पैसे वेगळे धरा, निदान एक वायरचा माईक जोडीला ठेवाच. संमेलनाला भाड्याने आणा. आणि घेतल्यावर पहिल्याच दिवशी नेलपॉलिश लावून ठेवा.