आयओडीपीचा खुला डेटा: कोअर उत्तम, लॉगही उत्तम, जुळवणी आपली आपण

अरबी समुद्राच्या तळावरच्या गाळाचा अभ्यास करायचा आणि हाताशी जहाज नाही, तर आयओडीपी या समुद्रतळ ड्रिलिंगच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या डेटाबेसला तोड नाही. २०१५ च्या ३५५ व्या मोहिमेत लक्ष्मी खोऱ्यात यू१४५६ आणि यू१४५७ या ठिकाणी तळाखाली ११०० मीटरच्या पुढे ड्रिलिंग झालं. मोहिमेचे एक सहप्रमुख गोव्याच्या एनसीएओआर या ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे होते. तिथून काढलेल्या कोअरवरची (गाळाच्या नळकांडी नमुन्यांवरची) चुंबकीय ग्रहणशीलता, घनता, गॅमा (नैसर्गिक किरणोत्सार), सगळं फुकट उतरवून घेता येतं.

गैरसोय एकच, पण मोठी. कोअरचे आकडे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या लिम्स या डेटाबेसवर, लॉग (होलमध्ये केबलने उपकरण सोडून घेतलेली मोजणी) लॅमाँट-डोहर्टी या संशोधन संस्थेच्या साइटवर. कोअरची खोली ड्रिल पाइपच्या लांबीवरून काढतात, लॉगची केबलवरून. दोन्ही फाइली तशाच एकावर एक ठेवल्या तर शिखरं मीटर-दोन मीटरनी सहज चुकतात. लॉग प्रत्येक होलमध्ये घेतलेला नसतो, तेही आधी पाहून घ्या.

सुरुवात नैसर्गिक गॅमापासून करावी, कारण तो दोन्हीकडे मोजलेला असतो. कोअरवर १० किंवा २० सेंमीला एक वाचन, लॉगमध्ये साधारण १५ सेंमीला. पण लॉगच्या वाचनात आजूबाजूचा गाळही मिसळतो, म्हणून कोअरची मालिका आधी गुळगुळीत करा. घनतेवर लगेच विसंबून राहू नका: एक्ससीबी (कठीण गाळासाठीचं फिरतं कोअर-यंत्र) ने काढलेला कोअर लायनरमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या नळीत, पूर्ण भरत नाही, त्यामुळे घनता कमी येते. उलट होल रुंद झालं असेल तर लॉगची घनता खोटी. कॅलिपर, म्हणजे होलच्या रुंदीचं मोजमाप, बघितल्याशिवाय तिला हात लावू नये. वरच्या सुमारे ८० मीटरमध्ये तर पाइपच असतो. तिथे गॅमा मिळाला तरी दबलेला.

सगळ्यात जास्त फसवतो तो अर्धवट कोअर. साडेनऊ मीटरच्या टप्प्यातून तीनच मीटर हाती आले तर रिवाजाने ते टप्प्याच्या माथ्याला लावतात. खरी जागा साडेसहा मीटर खालीही असू शकते. सीसीएसएफ खोली (शेजारच्या होलांचे कोअर जोडून केलेली एकत्रित खोली) वापरत असाल तर ती बहुधा १० टक्क्यांच्या आसपास ताणलेली असते. लॉगशी जोडण्याआधी ती आकसवून घ्या.

मदतीची पानं विखुरलेली आहेत, तरी डाउनलोड झटपट होतं. जुळवलेली खोली वेगळ्या रकान्यात ठेवा, मूळ खोलीवर लिहू नका.