अंतरा इंजेक्शन : चार डोसांनंतर

वर्षात चार सुया आणि कार्डावर चार तारखा, एवढंच काम. रोज गोळीची आठवण ठेवायला नको, घरात पाकीट लपवायला नको. हे गर्भनिरोधक इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' नावाने मोफत मिळतं. आत १५० मिलिग्रॅम डीएमपीए, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक. इस्ट्रोजेन नसल्याने अंगावर पाजणाऱ्या बाईलाही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी चालतं. सिकलसेल असली तरी चालतं. टीबीच्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, याचा राहतो.

सुई घेताना बाटलीकडे लक्ष ठेवा. औषध दुधासारखं पांढरं असतं आणि तळाशी साका बसतो. बाटली नीट हलवली नाही तर साका तिथेच राहतो आणि डोस अपुरा पडतो. टोचल्यावर जागा चोळू नका, शेकू नका. औषध तिथून हळूहळूच रक्तात उतरायला हवं. (हात मात्र सवयीने तिकडेच जातो.) पहिली सुई पाळीच्या पहिल्या सात दिवसांत घेतली तर प्रश्न नाही. नंतर घेतली तर सात दिवस निरोध वापरा. पुढची सुई तीन महिन्यांनी. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालते. त्याहून उशीर झाला तर आधी गर्भ नसल्याची खात्री करतात.

खरा त्रास पाळीचा. पहिले तीन ते सहा महिने कधी नुसते डाग, कधी दहा-बारा दिवस थोडं थोडं जात राहतं. दुसऱ्या सुईआधीच सोडणाऱ्या बहुतेक जणी यामुळेच सोडतात. मग पाळी हळूहळू थांबते. वर्षाअखेर साधारण निम्म्या जणींची. रक्त आत साठतं, ही समजूत चुकीची आहे. गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे जायला काही नसतं. उलट रक्तक्षय असेल तर फायदाच. पण पॅड भिजून वाहण्याइतकं जात असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

वजन काही जणींचं वाढतं, ते खरंच आहे. हाडांची घनता थोडी कमी होते, बंद केल्यावर बरीचशी भरून येते; तरी दोन वर्षांनंतर पुढे चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, बीपी १६०/१०० किंवा वर असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर घेऊच नये. एचआयव्हीपासून संरक्षण शून्य, त्यासाठी निरोधच.

एकदा टोचलेलं औषध काढता येत नाही, ही याची सगळ्यात मोठी अडचण. त्रास झाला तरी तीन महिने काढावे लागतात आणि शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सरासरी नऊ-दहा महिने लागतात. पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर कॉपर-टी बरी; ती काढली की पुढच्याच पाळीआधी दिवस राहू शकतात.